मदत हवी आहे : पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू, आता मॅग्नेशियम कमी आलंय

नमस्कार मंडळी, वडिलांसाठी जरा सल्ला पायजे होता. वय ७१, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, अण्णा साखर कारखान्यातनं रिटायर. शिफ्ट ड्युटी आणि डब्यात रोज खर्डा-भाकरी, त्यामुळं पित्त जुनंच. कधीकाळी एका डॉक्टरांनी महिन्याभरासाठी पॅन्टोप्राझोल ४० लिहून दिलेली, ती अण्णांनी आजतागायत चालूच ठेवली. तोंड धुतलं की उपाशीपोटी गोळी, मग अर्ध्या तासानं चहा. चिठ्ठी कधीच हरवली पण मेडिकलमध्ये कोण विचारतंय, पाकिटावर लाल रेघ (म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही) असून सुद्धा अण्णा नुसतं "माझी ती दे रे" म्हणतात आणि स्ट्रिप हातात.

दिवाळीपासनं रात्री पायात गोळे यायला लागले. पोटरी इतकी घट्ट होती की आई दोन्ही हातांनी दाबते तरी सुटत नाही. पापणी फडफडते, बशीतनं चहा पिताना हात थरथरतो. घरात जो येईल तो डॉक्टर, कुणी म्हणालं केळी द्या, कुणी नारळपाणी, कुणी म्हणालं वय झालं की व्हतंच असं. शेवटी फिजिशियनला दाखवलं तर त्यांनी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि त्यातनं दोनच स्ट्रिपा बाजूला काढल्या, एक ही पित्ताची आणि दुसरी बीपीची टेल्मिसार्टन, जिच्या नावामागं एच आहे. रक्तात मॅग्नेशियम १.२ आलं, रिपोर्टवर नॉर्मल १.७ पासनं पुढं लिहिलंय. पोटॅशियम, कॅल्शियम पण काठावर. एवढी फुल बॉडी पॅकेजं केली, त्यात मॅग्नेशियम कधी नव्हतंच!

डॉक्टरांचं म्हणणं गोळी सोडा. अण्णांनी एकदम बंद केली आणि तिसऱ्या रात्री छातीत अशी आग की उठून बसले, दुसऱ्या दिवशी गोळी परत चालू. आता म्हणतात "मॅग्नेशियमची पण गोळी द्या, दोन्ही घेतो, विषय संपला." हे चालेल का? आणि कुणाच्या घरी ही गोळी खरंच सुटली असेल तर कशी सुटली, ते सविस्तर सांगा.

— पंचगंगाकाठ

दादा, मी फार्मसीतली आहे, डॉक्टर नाही हे आधी सांगते. नुसतं मॅग्नेशियम वरनं देऊन भागेलच असं नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०११ साली याच गोळ्यांबद्दल इशारा दिलेला, त्यात साधारण चारातल्या एका पेशंटला मॅग्नेशियम देऊनही फरक पडला नव्हता, मूळ गोळी थांबवल्यावरच पातळी वर आली. आतड्यातनं शोषणच कमी होतं त्याला काय करणार. बहुतेकांना हा त्रास वर्षभराच्या वापरानंतर झालेला. त्यात बीपीच्या गोळीतला एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, तो लघवीवाटे मॅग्नेशियम घालवतो, म्हणजे इकडनं येत नाही आणि तिकडनं जातंय. मॅग्नेशियम भरून निघाल्याशिवाय पोटॅशियम पण नीट वर येत नाही, नुसत्या केळ्यांनी काय होणार. मॅग्नेशियम चालू करताना क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या, किडनी कमजोर असली तर ते साठतं. बी१२ व्हिटॅमिन पण तपासा, पित्ताच्या गोळीनं तेही कमी होऊ शकतं, शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्कीच. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिच्यावर कार्बोनेट लिहिलंय का बघा, ते शोषायला पोटात अॅसिड लागतं, सायट्रेटला तेवढं लागत नाही. आणि चक्कर, छातीत धडधड, झटके असं काही झालं तर इथं लिहीत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

— गोळीवाली

आमच्या सासूबाईंची सुटली. एकदम बंद केली की अॅसिड उलट जोरात उसळतं, काही आठवडे राहतं ते, आणि पेशंटला वाटतं बघा माझा रोग परत आला. आमच्या डॉक्टरांनी ४० ची २० केली, मग एक दिवसाआड, मधल्या दिवशी फॅमोटिडिन, ही अॅसिड कमी करणारी दुसऱ्या प्रकारची गोळी. रात्रीचं जेवण साडेसातला, उशाकडनं पलंगाखाली विटा. रविवारचा तांबडा रस्सा बंद नाही केला, दुपारी दिला, नाहीतर त्यांनी ऐकलंच नसतं. पण अण्णांना कधी अल्सरमधनं रक्तस्राव झालेला का? किंवा हार्टसाठी अॅस्पिरिन वगैरे चालू आहे? असेल तर ही गोळी पोटाला राखायला दिलेली असते, तिथं आपल्या मनानं हात लावायचा नाही.

— मंगळवारपेठ

दोघींचे आभार. अल्सर कधी नव्हता, अॅस्पिरिन पण नाही, शुगरही नाही. एच काढून बीपीची दुसरी गोळी देता येईल का ते उद्या डॉक्टरांना फोन करून विचारतो, ते डोक्यातच आलं नव्हतं. विटांना अण्णा तयार आहेत, साडेसातच्या जेवणाला नाहीत, बातम्या बघितल्याशिवाय ताटावर बसत नाहीत. वहिनी, ४० ची २० केल्यावर पुढची पायरी किती दिवसांनी घेतली, आणि मधे जळजळ झाली तर काय देत होता?

— पंचगंगाकाठ