घरात कमी वयातील हृदयविकार आणि मला आमवात: कोणत्या तपासण्या कराव्यात?

आर्द्रा:
नमस्कार. माझे वय 41 आहे. आम्ही मूळचे साताऱ्याचे असून मी सध्या पुण्यात नोकरी करते. वडील 48व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले आणि गेल्या महिन्यात माझ्या 38 वर्षांच्या धाकट्या भावाची अँजिओप्लास्टी होऊन त्याला दोन स्टेन्ट बसवावे लागले. तो तंबाखूला शिवत नाही, त्याला मधुमेह नाही आणि त्याचे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 118 होते. मला सहा वर्षांपासून र्‍हुमॅटॉइड प्रकारचा आमवात आहे. त्यावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असूनही सकाळी तासभर बोटे आखडलेली असतात, लाटणे धरवत नाही, आणि तशा दिवशी मी दुखण्याची गोळी घेऊन कामाला लागते.

एका प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने घरातील सर्वांची 'हृदय जनुक चाचणी' करून घेण्याचा आग्रह धरला आहे, परंतु तो खर्च आम्हाला जड आहे. ही चाचणी खरोखर आवश्यक आहे का? माझ्या आमवाताचा हृदयाशी काही संबंध आहे का? भावाची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्या बाबतीत काय करावे? जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

गारगोटी:
आर्द्राताई, आमच्या घरचा अनुभव सांगते. माझ्या सासऱ्यांच्या टाचेमागे, जिथे पोटरीचा कंडरा उतरतो तिथे, सुपारीएवढी टणक गाठ होती आणि ती चपलेच्या पट्ट्याने आली आहे असेच आम्ही सारे वर्षानुवर्षे समजत होतो. पुढे यजमानांचे एलडीएल 240 निघाले, तेव्हा डॉक्टरांनी सोबत आलेल्या सासऱ्यांना मोजे काढायला सांगितले, गाठ हाताने चाचपली आणि निदान तिथेच झाले. ती गाठ साचलेल्या कोलेस्टेरॉलची होती. घराण्यात उतरणाऱ्या या जास्त कोलेस्टेरॉलच्या विकाराला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. तो साधारण 250 ते 300 माणसांत एकाला असतो आणि आई किंवा वडिलांना असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आपल्या भावाचे 118 पाहता हा विकार वाटत नाही. मात्र तो आकडा झटक्याआधीचा की नंतरचा, आणि तेव्हा स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) चालू होते का, हे अवश्य विचारा, कारण झटक्यानंतर काही आठवडे एलडीएल खाली आलेले असते.

निवळी:
मी फिजिशियन आहे. तपासल्याशिवाय औषध सुचवणार नाही, पण तपासण्यांबद्दल निश्चित सांगू शकतो.

एलडीएल बेताचे असताना बाप-लेकांना इतक्या लवकर त्रास झाला, तर मी सर्वप्रथम लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातील एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण, मोजायला सांगेन. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी 1963 साली हा घटक प्रथम वर्णिला. त्याची पातळी मुख्यतः एकाच जनुकावर ठरते, लहानपणीच स्थिरावते आणि आहाराने वा व्यायामाने फारशी हलत नाही, म्हणून ती आयुष्यात एकदा मोजली तरी बहुधा पुरते. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीत (लिपिड प्रोफाइल) ती नसते, वेगळी मागावी लागते, आणि दुर्दैवाने ती मागितलीच जात नाही. दक्षिण आशियाई लोकांत सुमारे चौघांपैकी एकात ती वाढलेली आढळते. स्टॅटिनने ती उतरत नाही. त्यामुळे ती जास्त निघाली, तर एलडीएल, रक्तदाब आणि साखर अधिक कडकपणे आटोक्यात ठेवावी लागते.

जनुक चाचणीची घाई करू नका. 2007 साली नवव्या गुणसूत्रावरचा हृदयविकाराशी जोडलेला जो प्रसिद्ध भाग सापडला, तशा जागा आता शेकड्यांनी ज्ञात आहेत, पण एकेकीचा वाटा लहान असतो. त्यांची बेरीज करून काढलेले गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले असल्याने आपल्याकडे ते जपून वाचावे लागतात. वडिलांना किंवा भावाला 55च्या आत आणि आईला किंवा बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो इतिहासच मोठी माहिती देतो, तीही विनाखर्च.

आता आमवाताबद्दल. रक्तवाहिनीतील थर हा नळात साचलेल्या चिकट मेणासारखा निर्जीव नसतो. भक्षक पेशी तिथे शिरून एलडीएल गिळतात, फुगतात, आणखी पेशींना बोलावतात, आणि या दाहाने थरावरचे आवरण पातळ होऊन फाटले की गुठळी धरते. 2017 साली 10,061 रुग्णांवरील कॅनाकिन्युमॅब या दाहरोधक औषधाच्या चाचणीत एलडीएलला हात न लावता केवळ दाह कमी केल्याने मधल्या मात्रेवर झटके व तत्सम घटना 15 टक्क्यांनी घटल्या, पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले, म्हणून ते औषध हृदयासाठी रुळले नाही. आमवातात हाच दाह अंगभर चालू असतो आणि युरोपीय मार्गदर्शक सूचना अशा रुग्णांचा हिशेबाने आलेला धोका दीडपट धरायला सांगतात. एक गोष्ट फार निसटते: आमवात उसळलेला असताना कोलेस्टेरॉल फसवेपणाने कमी दिसते. म्हणून सांधे शांत असताना लिपिड तपासा. तुमच्या बाबतीत सीआरपीवरून (रक्तातील दाह दाखवणाऱ्या चाचणीवरून) हृदयाचा अंदाज बांधू नका, कारण ते सांध्यांमुळेच वाढलेले असेल. तासभराचा आखडलेपणा म्हणजे आजार आटोक्यात नाही. आधी र्‍हुमॅटॉलॉजिस्टना (सांधेविकारतज्ज्ञांना) भेटा आणि दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे थांबवा, त्यांनीही हृदयाचा धोका वाढतो.

आर्द्रा:
मनःपूर्वक आभार. आज अहवाल आले. माझे लायपोप्रोटीन (ए) 168 नॅनोमोल प्रति लिटर आहे, तर भावाचे 81 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे त्याचे माझ्या निम्मे आहे का?

निवळी:
नाही. दोन्ही एकके वेगळी आहेत आणि या रेणूचा आकार माणसागणिक बदलत असल्याने ठराविक आकड्याने गुणून रूपांतर करू नये. 125 नॅनोमोल किंवा 50 मिलिग्रॅमच्या वर जोखीम जास्त मानतात, त्यामुळे आपण दोघेही रेषेच्या वर आहात. भाचीला तेच जनुक मिळण्याची शक्यता निम्मी आहे. तिचे रक्त इतर कारणाने कधी काढले जाईल, तेव्हा हीदेखील चाचणी करून घ्यावी. घाबरून उद्याच नेण्याची गरज नाही. दोन्ही अहवाल मात्र भावाच्या हृदयरोगतज्ज्ञांना आणि आपल्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टना, दोघांनाही दाखवा.

आर्द्रा:
शनिवारची वेळ घेतली आहे. दोन्ही अहवालांच्या प्रती एकाच फाइलमध्ये लावल्या आहेत.