शेल्टरमधील (प्राण्यांच्या निवाऱ्यातील) कुत्र्यांची पिल्ले दत्तक जाईपर्यंत खेड्यातील घरी सांभाळावीत का?

प्रश्न (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)
नमस्कार. नागपूरच्या एका शेल्टरमध्ये जागा अपुरी पडत असल्याने, सात आठवड्यांची दोन गावठी पिल्ले दत्तक जाईपर्यंत, म्हणजे साधारण दीड महिना, आमच्याकडे ठेवता येतील का, अशी विचारणा झाली आहे. आमचे अंगण शेणाने सारवलेले आहे, बाजूला शेळ्यांचा गोठा आहे आणि गावातला एक म्हातारा कुत्रा ओट्यावर मुक्कामाला असतो. घरात सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. मे महिना तोंडावर आला आहे. होकार देण्याआधी काय तयारी करावी, आणि जीव लागल्यावर पिल्ले परत देणे जमते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (वरोरा, जि. चंद्रपूर)
ताई, पहिले पंधरा दिवस पिल्लांना अंगणात उतरवू नका. आम्ही आणलेल्या दोघांपैकी एक आठव्या दिवशी गेले. संध्याकाळपर्यंत ते माझ्या चपलेचा पट्टा ओढत होते. रात्री त्याने भात हुंगूनही पाहिला नाही आणि सकाळी फरशीवर रक्तमिश्रित पातळ शी पडलेली होती. पार्व्हो होता, म्हणजे कुत्र्यांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. आदल्या पावसाळ्यात त्याच अंगणात रस्त्यावरचे एक पिल्लू मेले होते, हे मला ठाऊक असूनही मी त्याचा संबंध लावला नाही, याचे दुःख आजही आहे. हा विषाणू मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. साध्या फिनाईलवर विसंबू नये. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटे ओली ठेवावी लागते, आणि शेणामातीत तर ब्लीचचाही प्रभाव उरत नाही. म्हणून फरशीची एक खोली, वेगळी भांडी आणि त्या खोलीपुरती वेगळी चप्पल ठेवा. शेळ्यांना हा आजार होत नाही, पण ओट्यावरच्या कुत्र्याला लस दिलेली नसेल तर त्याला धोका आहे. पिल्लांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत होते आणि पुढचे डोस सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावे लागतात, त्यामुळे लसीच्या तारखांचे कार्ड हातात घेतल्याशिवाय पिल्ले उचलू नका.

उत्तर २ (दारव्हा, जि. यवतमाळ)
वरील सूचनेत मुलाविषयी एक भर घालतो. या वयाची पिल्ले खेळताना दात लावतातच, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते. तेव्हा ओरखडा कितीही लहान असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. घरगुती उपाय म्हणून हळद किंवा चुना लावू नये.
उन्हाचे म्हणाल, तर आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखाली दुपारी माणूसही टिकत नाही. मातीच्या भिंतीची किंवा कौलारू खोली असेल तर उत्तम. ओले पोते अंथरावे, पण पिल्लाला त्यावरून उठून कोरड्या जागेवर जाता आले पाहिजे.

उत्तर ३ (नागपूर)
मी पाच पिल्ले सांभाळून दिली आहेत. निरोपाच्या दिवशी रडू येते आणि ते येऊ द्यावे. मला एका वहीचा फार आधार झाला: कोणते पिल्लू ट्रॅक्टरच्या आवाजाने पलंगाखाली जाते, कोणाला ताकभात आवडतो, कोण रात्री दोनला जागे होते, हे रोज लिहायचे आणि वही नव्या घरी द्यायची. दत्तक घेणारे कुटुंब फोन करून वहीतलेच विचारू लागले की आपले पिल्लू योग्य ठिकाणी पोचले, असे वाटते.
त्याआधी औषधांचा खर्च कोणाचा, रात्री-बेरात्री फोन कोणाला करायचा आणि दीड महिन्यात कोणी दत्तक न घेतल्यास पुढे काय, हे शेल्टरकडून लेखी घ्यावे. कुटुंब निवडताना तुमचे मत विचारले जाईल, अशी अटही घाला.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. मागची कौलारू खोली, जिथे आम्ही तुरीची पोती ठेवतो, ती आज रिकामी केली. पिल्लांची पहिली लस झाली असल्याचे कार्ड शेल्टरने पाठवले आहे, आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्याला उद्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेतो आहोत. सासूबाईंनी वहीवर आताच दोन रकाने आखून ठेवले आहेत.