स्किप अर्धा भरलाय, विटा आता कुठे टाकू? मदत हवी आहे

यूकेत स्किप (राबिट-कचरा टाकायचा मोठा लोखंडी डबा, भरला की गाडी उचलून नेते) भाड्याने घेतलेल्यांना विचारतोय. जुनं किचन तोडलंय, ६ घनयार्डचा स्किप ड्राइव्हवेवरच ठेवलाय त्यामुळे काउन्सिलचं परमिट लागलं नाही, खाली जाड फळ्या टाकल्यात. घोळ असा की उत्साहाच्या भरात आधी कॅबिनेटं अख्खीच फेकली, मग लक्षात आलं की मी पैसे देऊन हवा भरतोय. काल सगळी बाहेर काढली, स्क्रू सोडवले, दारं-फळ्या तळाशी आडव्या रचल्या, वर आलेले खिळे ठोकून वाकवले, तरी अर्धा भरलाच. अजून विटा, टाइल्स मिळून चाळीसेक घमेली राबिट बाकी आहे. प्लास्टरबोर्ड वेगळ्या पोत्यांत ठेवलाय, फ्रिज टिपवर (काउन्सिलच्या कचरा केंद्रावर) नेणार, तो प्रश्न नाही. कडेच्या वर माल गेला तर ड्रायव्हर उचलणार नाही हेही माहितीये. (रात्रीत कुणीतरी गादी टाकून गेलं, ते वेगळंच.) स्किपचं पुढचं दार खाली उघडतं, त्यातून आत जाता येतं, पण व्हीलबॅरोचं (एकचाकी हातगाडीचं) चाक त्या लॅमिनेटच्या फळ्यांवर घसरतं. परवा सकाळी गाडी येतेय, मी एकटाच आणि कंबर आधीच धरलीये. तर लाकूड परत उपसून विटा खाली घालू, की वरूनच सगळीकडे सारख्या पसरल्या तर उचलताना स्किप कलणार नाही ना?