ओळखीच्या भीतीबद्दल

ताई, तुमचा भाऊ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जायला तयार आहे, पण राजापुरात कुणी बघितलं तर गावभर होईल म्हणून अडतोय, असं तुम्ही लिहिलंय. भीती खरी आहे. एसटीतून उतरलेला माणूस कुणाकडे आलाय हे आपल्याकडे वाडीला आधी कळतं. मग शेजारच्या तालुक्यातल्या मीटिंगला जाऊ दे की! अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये आडनाव विचारत नाहीत, फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. ‘ओपन’ म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या मीटिंगला तुम्हीही सोबत बसू शकता. वहिनींनी मात्र तो सुधारायची वाट न बघता पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनला जावं, असं मला मनापासून वाटतं.

एक कळकळीचं सांगणं: रोज भरपूर पीत असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं. मीटिंगला निघण्याआधी तिथल्या गटाला फोन करून वेळ विचारा. गणपतीत बदललेली असू शकते.