केस हार्डनिंग केलेल्या रॉकर शाफ्टवर ग्राइंडिंगनंतर भेगा : उपाय सुचवावा

अंबडचा ग्राइंडर : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे युनिट आहे. २० एमएनसीआर ५ पोलादाचे रॉकर शाफ्ट आम्ही कार्बुरायझिंगसाठी (पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कठीण करण्यासाठी, म्हणजेच केस हार्डनिंगसाठी) बाहेर देतो आणि परत आल्यावर सिलिंड्रिकल ग्राइंडिंग करतो. सध्याच्या लॉटमध्ये चुंबकीय कण तपासणीत (नग चुंबकित करून लोहकणांनी भेगा शोधण्याच्या तपासणीत) शाफ्टच्या लांबीच्या दिशेने बारीक, आखूड, समांतर भेगा दिसत आहेत. हार्डनेस ६२ एचआरसी (रॉकवेल सी मापावर) आहे. हीट ट्रीटमेंटवाले ग्राइंडिंगला दोष देतात, तर आमचा ऑपरेटर त्यांना. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातपूर टूलरूम : भेगा व्हीलच्या फिरण्याच्या दिशेला काटकोनात असल्याने संशय ग्राइंडिंगच्या उष्णतेवर जातो, परंतु तेवढ्यावरून हीट ट्रीटमेंटला निर्दोष ठरवू नका. ग्राइंडिंग न केलेले काही नग आधी त्याच चुंबकीय तपासणीतून काढा. त्यांवर भेगा नसतील, तर ग्राइंडिंग केलेला एक नग तेलविरहित करून अल्कोहोलमधील चार टक्के नायट्रिक ॲसिडच्या द्रावणात थोडा वेळ धरा. (हे द्रावण घट्ट बूच लावून साठवून ठेवू नये.) चांगला पृष्ठभाग एकसारखा करडा दिसतो, काळपट डाग दिसल्यास तेथील पोलाद तापून नरम पडलेले असते, आणि काळ्या कडेच्या आत पांढरा ठिपका दिसल्यास तेथील तापमान इतके चढलेले असते की कूलंटने तो भाग पुन्हा हार्डन होऊन ठिसूळ झाला आहे.

असे डाग निघाले, तर सर्वप्रथम व्हील पाहावे. गुळगुळीत होऊन चकाकणारे व्हील कापत नाही, घासते. कठीण जॉबला व्हीलचा ग्रेड (कण धरून ठेवण्याची घट्टता) एक-दोन पायऱ्यांनी मऊ आणि रचना मोकळी हवी. पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे व्हील चालेल. बोथट डायमंडने अगदी सावकाश केलेले ड्रेसिंग (व्हीलचा पृष्ठभाग पुन्हा धारदार करणे) व्हीलला उलट बंद करते, हे आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते. इनफीड (दर फेरीला व्हील जॉबमध्ये जितके आत सरकते ते) कमी करा, जॉबचा वेग थोडा वाढवा आणि कूलंटचा नोझल व्हील व जॉब जेथे टेकतात नेमका तेथे येईल असा बसवा. नुसते वरून भरपूर पाणी सोडल्याने व्हीलभोवतीचा हवेचा थर भेदला जात नाही.

अंबडचा ग्राइंडर : आभारी आहे. टेंपरिंग (हार्डनिंगनंतर ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवणे) १६० अंश सेल्सिअसवर झाल्याचे अहवालात आहे, पृष्ठभागाच्या कार्बनचा उल्लेख नाही. सब-झिरो (शून्याखालील तापमानाला थंड करण्याची प्रक्रिया) करून घ्यावे का?

धातुपरीक्षक : आधी कार्बन विचारा. तो साधारण ०.८ टक्क्यांच्या आसपास असावा. एक टक्क्याकडे गेल्यास कणसीमांवर (धातूच्या कणांच्या कडांवर) कार्बाइडचे, म्हणजे कार्बनच्या ठिसूळ संयुगाचे, जाळे बसते आणि न बदललेले ऑस्टेनाइटही (हार्डनिंगमध्ये कठीण रूपात न बदललेली पोलादाची रचना) वाढते. असा पृष्ठभाग बेताच्या उष्णतेनेही तडकतो, मग व्हील कितीही चांगले असो. एक नग कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास दोन्ही गोष्टी कळतील. ऑस्टेनाइट जास्त निघाले तरच सब-झिरोचा खर्च करा आणि त्यानंतर पुन्हा टेंपरिंग करायला सांगा. कार्बाइडचे जाळे मात्र सब-झिरोने जात नाही.

भेगा पडलेले नग पुन्हा टेंपर केल्याने भेगा मिटत नाहीत. ड्रॉइंगनुसार माप शिल्लक असेल, तरच हलक्या हाताने आणखी थर काढून प्रत्येक नग पुन्हा तपासा आणि त्यातील चुंबकत्व काढल्याशिवाय पाठवू नका.