मदत हवी आहे: मेमरी कार्डातली फाईल काही केल्या डिलीट होत नाही

नमस्कार मंडळी, खानापूरहून लिहितोय. आईच्या फोनमधल्या ३२ जीबीच्या कार्डावर एक फाईल अडून बसली आहे. नावात नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. डिलीट केली की जाते, फोन बंद करून चालू केला की परत तिथंच. सेफ मोडमध्ये (फोन फक्त मूळ ॲप्सवर चालू करून) पाहिलं, तेच. कार्ड लॅपटॉपला लावलं तर 'राईट प्रोटेक्टेड' येतं, म्हणजे कार्डावर काही लिहिता-पुसता येणार नाही. ॲडाप्टरची बारकी लॉकची पट्टी दोनदा तपासली, उघडीच आहे.

बेळगावात एका दुकानात सरळ फॉरमॅट मारा म्हणाले. पण त्याच कार्डात आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, तिच्याच आवाजात. आजी गेल्या पावसाळ्यात गेली. दुसरीकडं कुठंच कॉपी नाही.

कार्ड निकामी व्हायला लागलं की कधीकधी स्वतःच रीड-ओन्ली होतं, वाचता येतं पण पुसता येत नाही. आमचं तसंच झालंय असं वाटतं. म्हणून फाईलचा नाद सोडून आधी ओव्या उतरवून घेतोय. १४ झाल्या, पंधराव्याला लॅपटॉप अडकतो. डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या सॉफ्टवेअरनं अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, कुणी काढली आहे का? विंडोजवाल्या लॅपटॉपवर ते कसं चालवायचं? तोवर कार्ड फोनमधून काढूनच ठेवलंय.