मदत हवी आहे: रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाई खिंडीतून

नमस्कार. डिसेंबरात आम्ही ठाण्याचे चौघे रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाई खिंड ओलांडून कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड अशी सलग चाल करणार आहोत. उतरायचं टोलार खिंडीतून खिरेश्वरला, पुढे खुबी फाट्यावरून कल्याणची एसटी. दोन्ही गड सगळ्यांनी वेगवेगळे केलेत, मधला टप्पा मात्र कुणीच नाही. जाताना कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून जीप. तंबू, स्टोव्ह सोबत आहे. खिंडीतलं जंगल निवांत बघायची फार इच्छा आहे, पण सुट्टी तीनच दिवसांची.

उपग्रह नकाशावर वाट आखून पाहिली, ती झाडीत दिसेनाशी होते. इतरांचे जीपीएस ट्रॅकही तिथेच फुटतात. त्यामुळे रतनवाडीतून वाटाड्या घेणारच आहोत, वाटेची काळजी नाही. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, म्हणून रानात मुक्काम नको. कुमशेतला कुणाच्या तरी अंगणात राहू.

अडलंय ते पाण्यावर. प्रवरेचं पात्र मागे पडलं की खिंडीतून कुमशेतपर्यंत डिसेंबरात पिण्याजोगं पाणी नेमकं कुठे मिळतं? की माणशी चार लिटर उचलूनच निघावं?